रायडरची टीम बदलते कशी, आणि गुहागरच्या भाच्याने शुल्क का भरू नये

गुहागरच्या एका मामांनी विचारलेले प्रश्न थोडक्यात असे. भाचा एकोणीस वर्षांचा आहे. पहाटे वेळणेश्वर-हेदवीच्या चढउतारांवर आणि रविवारी चिपळूणवरून कुंभार्ली घाटात सायकल मारतो. रेमको एवेनेपूल आणि हुआन अयुसो या युरोपातल्या नामवंत रायडरांचे करार शिल्लक होते, तरी ते दुसऱ्या टीमकडे कसे गेले, हे त्याला कळत नाही. फुटबॉलसारखे कोट्यवधी मोजून रायडर का विकत घेत नाहीत? टीमकडे मुळात पैसा येतो कुठून? आणि शेवटी, जवळजवळ ओघात आल्यासारखे: युरोपातल्या एका छोट्या टीमचे पत्र आले आहे, निवड झाली म्हणतात, पण आधी ‘हंगाम शुल्क’ भरायला सांगतात. भरावे का?

भरू नका. कारण समजायला मात्र पहिले तीन प्रश्न सोडवावे लागतील, म्हणून उत्तर लांबणार आहे. मी काही हंगाम युरोपातल्या तिसऱ्या श्रेणीच्या (व्यावसायिक टीमांच्या तीन श्रेणी असतात, ही सगळ्यात खालची) एका टीममध्ये करार, परवाने, व्हिसा आणि हॉटेलची बिले सांभाळली. आता रत्नागिरीत असतो आणि मुलांचे कागद वाचून देतो. शर्यतीतले डावपेच सांगणारे माझ्याहून जाणते लोक आहेत, कागदपत्रांचे मात्र मी सांगू शकतो.

सुरुवात पैशापासून करू, कारण बाकी सगळे त्यातूनच निघते.

आयपीएलच्या टीमला प्रक्षेपण हक्कांच्या पैशातून वाटा मिळतो, शिवाय मैदानाची तिकिटे खपतात. सायकलिंगच्या टीमला यातले काहीच नाही. शर्यत सार्वजनिक रस्त्यावर होते आणि आल्प द्युएझ या टूरमधल्या प्रसिद्ध चढाच्या वळणांवर उभे राहायला कुणी तिकीट काढत नाही. टूर द फ्रान्सचे प्रक्षेपण हक्क एएसओ या आयोजक कंपनीकडे आहेत. ती फ्रान्समधल्या अमोरी कुटुंबाची. त्या पैशातून टीमना वाटा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे ओरड चालू आहे, पण हाती काही लागलेले नाही. मग बक्षिसे? टूर जिंकणाऱ्याला ५ लाख युरो मिळतात. युरोला ढोबळमानाने शंभर रुपये धरले तर पाच कोटी. एक टप्पा जिंकला की ११ हजार युरो, आणि एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर असेल त्या प्रत्येक दिवसाचे ५०० युरो. ही रक्कम रिवाजाप्रमाणे टीमच्या गंगाजळीत जमा होते आणि सहकारी, मेकॅनिक, मालिशवाले यांच्यात वाटली जाते. पहिल्या श्रेणीच्या टीमचे वर्षाचे बजेट सरासरी ३ कोटी युरोंच्या आसपास असते. त्यात बक्षिसांचा हिस्सा किती, हे मी वेगळे सांगायला नको.

उरला स्पॉन्सर. टीमच्या नावात जी कंपनी असते तीच पगार देते. कधी ती कंपनी म्हणजे एखादे राज्यच असते. यूएई, बाहरीन, कझाकस्तानची अस्ताना ही उदाहरणे समोर आहेत. कधी लॉटरी, जशी बेल्जियमची लोटो. कधी टेलिफोन कंपनी, जशी स्पेनची मोविस्टार. २०२६ पासून डेकॅथलॉनच्या जोडीला सीएमए सीजीएम आली आहे. उरणच्या बंदरातून निघणाऱ्या ट्रेलरवर ही अक्षरे तुम्ही वाचली असतील, तीच ती मार्सेयची जहाज कंपनी. रेड बुलने वेगळा मार्ग धरला. नाव लावायचे पैसे देण्याऐवजी २०२४ मध्ये बोरा-हान्सग्रोहे टीमचा ५१ टक्के हिस्साच घेतला. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

तर टीमच्या मालकीचे खरोखर काय असते? बस, ट्रक, काही करार आणि पहिल्या श्रेणीचा परवाना. सायकली सायकल कंपनीच्या, कपडे कपडेवाल्याचे. स्पॉन्सरने ‘पुढच्या वर्षी आम्ही नाही’ असे पत्र पाठवले की टीमचा व्यवस्थापक उन्हाळाभर फोनवर असतो. एचटीसी-हायरोड ही त्या काळात सर्वाधिक शर्यती जिंकणाऱ्या टीमपैकी होती. नवा स्पॉन्सर मिळाला नाही म्हणून २०११ च्या अखेरीस बंद झाली. जिंकल्याने पैसा येतो ही समजूत सायकलिंगमध्ये फार टिकत नाही. २०१७ मध्ये कॅननडेल-ड्रापॅक टीमने चक्क चाहत्यांकडे वर्गणी मागितली होती, मग ईएफ एज्युकेशन फर्स्ट ही शिक्षण कंपनी धावून आली. फ्रान्सची बी अँड बी हॉटेल्स टीम डिसेंबर २०२२ मध्ये कोसळली. शेवटच्या वेगवान धावेत जिंकणारा मार्क कॅव्हेंडिश तिथे जाणार अशी सगळ्यांची खात्री होती. तो ऐन वेळी अस्तानाकडे गेला आणि २०२४ मध्ये तिथेच त्याने टूरमधला आपला ३५ वा टप्पा-विजय मिळवून जुन्या काळच्या एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला. तोच बी अँड बी हॉटेल्स हा स्पॉन्सर पुढे आर्केया या टीमच्या जोडीला आला. २०२५ च्या अखेरीस आर्केयाही बंद पडली.

अशा वेळी रायडरच्या हाती काय उरते, हे भाच्याने नीट वाचावे. यूसीआय, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या एगलची आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, वरच्या श्रेणीच्या टीमकडून बँक गॅरंटी घेते. टीमने रायडर आणि कर्मचाऱ्यांना वर्षभरात द्यायच्या रकमेच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी ती असते. म्हणजे टीम बुडाली तर तीन महिन्यांच्या पगाराची सोय झाली, बाकीचे कोर्टात. अर्न्स्ट अँड यंग ही लेखापरीक्षण संस्था टीमचे कागद तपासते, आणि शरद ऋतूत त्या फायली भरताना टीमच्या कार्यालयात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. तिसऱ्या श्रेणीत ही तपासणी देशाच्या संघटनेवर सोपवलेली असते. कुठे कडक, कुठे नावापुरती.

आता ट्रान्स्फरकडे येतो. आपल्या किनाऱ्यावर हे समजायला सोपे आहे. पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टला होड्या बाहेर पडतात. त्याआधी खलाशाने मालकाकडून हंगामाची उचल घेतलेली असते. उचल अंगावर असताना तो दुसऱ्याच्या होडीवर चढला तर भांडण ठरलेले. नवा मालक ती उचल फेडतो आणि जुना मालक ‘जा’ म्हणतो, तेव्हाच तो सुटतो. सायकलिंगमधली तारीखही योगायोगाने १ ऑगस्टच आहे. त्याआधी दुसऱ्या टीमच्या रायडरला घेतल्याचे जाहीर करता येत नाही. बोलणी मात्र कधीच झालेली असतात. एजंट लोक वसंतातल्या शर्यतींच्या हॉटेलांत बसून सगळे ठरवतात आणि ऑगस्टमध्ये फक्त फोटो येतात. करार ३१ डिसेंबरला संपतात. ज्याचा संपला तो मोकळा, त्याच्यासाठी जुन्या टीमला एक पैसाही द्यावा लागत नाही. बहुतेक बदल असेच होतात, म्हणून ट्रान्स्फर फीची बातमी येत नाही.

करार शिल्लक असेल तर तीन सह्या लागतात: रायडर, जुनी टीम, नवी टीम. वर यूसीआयची परवानगी. यातला एक जरी अडून बसला तरी काम होत नाही, कागदावर तरी. प्रत्यक्षात, मनाने निघून गेलेल्या रायडरला वर्षभर ठेवून घेणे कुणाला परवडत नाही. त्याचा पगार चालू राहतो आणि तो शर्यतीत जीव ओतत नाही. शिवाय स्पॉन्सरच्या जाहिरातीत त्याचा आंबट चेहरा दिसतो तो वेगळाच. म्हणून जुनी टीम शेवटी आकडा सांगते.

अयुसोचे तसेच झाले. यूएईशी त्याचा करार २०२८ पर्यंत होता. २०२५ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, ती चालू असताना, विश्रांतीच्या दिवशी टीमने जाहीर केले की वर्षअखेर तो जाणार. त्यानंतर त्याच शर्यतीत त्याने याच टीमच्या जर्सीत आणखी एक टप्पा जिंकला. तो लिडल-ट्रेकला गेला. एवेनेपूलचा सूदाल क्विक-स्टेपशी करार २०२६ अखेरपर्यंत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले की तो एक वर्ष आधीच रेड बुलकडे जातो. प्रिमोझ रोग्लिच २०२३ च्या शरदात असाच युम्बो-व्हिस्मातून बोरात गेला, टॉम पिडकॉक २०२४ च्या डिसेंबरात इनिओस सोडून दुसऱ्या श्रेणीच्या क्यू ३६.५ टीममध्ये. यातले बहुतेक आकडे बाहेर येत नाहीत. वृत्तपत्रांत छापून येतात ते एजंटांनी कानात सांगितलेले असतात, तेव्हा भाच्याने ते चिमूटभर मीठ लावूनच घ्यावेत.

सह्या न घेता निघणाऱ्याचे काय होते? वौट व्हान आर्टचे प्रकरण वाचा. २०१८ च्या सप्टेंबरात त्याने आपल्या बेल्जियन टीमशी करार एकतर्फी मोडला. टीमचे दुसऱ्या टीमशी विलीनीकरण ठरत होते आणि ते त्याला मान्य नव्हते. मार्च २०१९ मध्ये तो युम्बो-व्हिस्मात दाखल झाला. नंतर बेल्जियमच्या कामगार न्यायालयाने अपिलात त्याला जुन्या मालकाला ६ लाख ६२ हजार युरो द्यायला सांगितले. तो अव्वल दर्जाचा आणि त्याच्या मागे मोठी टीम होती, म्हणून निभावला. मधल्या फळीतला रायडर तेवढ्या रकमेत कायमचा खाली बसला असता. सियान उइटडेब्रोक्स या तरुण रायडरच्या बाबतीत तर डिसेंबर २०२३ मध्ये एकाच दिवशी युम्बो-व्हिस्माने ‘आमचा’ आणि बोराने ‘आमचाच’ असे जाहीर केले. शेवटी तडजोड झाली. हे सांगण्याचे कारण, करार मोडता येतो म्हणून तो कच्चा असतो असे समजू नये. मोडण्याचा खर्च कोण उचलणार, हे आधी ठरलेले असते.

मग फुटबॉलसारखा बाजार का नाही? कारण विकत घेणाऱ्याकडे भांडवल नाही. फुटबॉल क्लबसाठी खेळाडू ही मालमत्ता असते, तो पुढे जास्त किमतीला विकता येतो. सायकलिंगच्या टीमला स्पॉन्सर या वर्षाचे पैसे या वर्षासाठी देतो. त्यातले २० लाख युरो ट्रान्स्फरला गेले, तर तेवढ्या पगाराचे चार-पाच चांगले सहायक रायडर घ्यायचे राहून जातात. आणि टूर एकटा कुणी जिंकत नाही. टीममध्ये आठ जण असतात आणि त्यातले सात वारा अडवायला, पाण्याच्या बाटल्या आणायला, नेत्याला चढाच्या पायथ्याशी पुढे नेऊन सोडायला. त्या सातांचा दर्जा घसरला की नेता कितीही महाग असो, उपयोग नाही. भाच्याने पुढच्या वेळी टूर बघताना शेवटच्या पाच किलोमीटरऐवजी मधले शंभर बघावेत. बजेट तिथे दिसते.

हे चित्र आता बदलते आहे, आणि त्याचे एक मोठे कारण रेड बुलसारखे मालक. हिस्सा घेणारा मालक पाच-सात वर्षांचा हिशेब मांडतो, त्याला रायडर सोडवून घ्यायला खर्च केला तर चालतो. दुसरे कारण लांब करार. टूर जिंकणाऱ्या यूएईच्या तादेई पोगाचारचा करार २०३० पर्यंत आहे. वर्षाला सुमारे ८० लाख युरो आणि सोडवून घ्यायला २० कोटी, असे आकडे छापून आले. ते २० कोटी म्हणजे किंमत वगैरे काही नाही, ती ‘विचारूही नका’ अशी पाटी आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनाही आता अनेक वर्षांचे करार मिळतात. एवेनेपूल ज्युनियर गटातून थेट व्यावसायिक झाला, तेव्हापासून सगळ्या टीमा शाळकरी मुलांच्या निकालांवर डोळा ठेवून आहेत. लांब करार म्हणजे मोडायचे करार जास्त, आणि म्हणून सोडवणुकीची रक्कमही जास्त. माझ्या मते हा बाजार फुटबॉलच्या दिशेने सरकणार, पण फुटबॉलमधली एक चांगली गोष्ट इथे अजून आली नाही. तिथे मुलगा मोठ्या क्लबमध्ये गेला की त्याला घडवणाऱ्या छोट्या क्लबला वाटा मिळतो. इथे फ्रान्स किंवा बेल्जियममधल्या गावच्या क्लबने मुलाला बारा वर्षे सांभाळायचे, आणि मोठ्या टीमने त्याला फोन करून न्यायचे. याला मी सरळ अन्याय म्हणतो.

गुणांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण खालच्या टीमांची निम्मी खरेदी त्यावर चालते. पहिल्या श्रेणीत अठरा टीमा. दर तीन वर्षांनी गुणांची बेरीज होते आणि तळाच्या टीमा खाली जातात. २०२२ च्या अखेरीस लोटो आणि इस्रायल-प्रीमियर टेक अशाच उतरल्या. २०२३ पासून प्रत्येक टीमच्या सर्वोत्तम वीस रायडरांचे गुण मोजतात. टूर जिंकणाऱ्याला १,३०० गुण. पण बेल्जियम-फ्रान्समधल्या छोट्या एकदिवसीय शर्यतींतही बऱ्यापैकी गुण मिळतात आणि तिथे स्पर्धा कमी. अस्तानाने २०२५ मध्ये हेच केले. एक्सडीएस या चिनी सायकल कंपनीचा पैसा आला, गुण मिळवून देणारे रायडर भरले, शर्यतींचे वेळापत्रक हिशेबाने आखले आणि खाली उतरायच्या बेतात असलेली टीम पहिल्या श्रेणीत राहिली. म्हणून एखादा रायडर कुठे फारसा जिंकत नाही आणि तरी त्याच्यावर तीन टीमा तुटून पडतात, तेव्हा त्याचे चौथे-सहावे क्रमांक मोजा.

मधल्या रायडरवर याचा परिणाम काय होतो ते इंटरमार्शे टीममध्ये दिसले. पैशाची चणचण आली आणि २०२६ साठी तिचे लोटोशी विलीनीकरण झाले. दोन टीमांचे रायडर आणि कर्मचारी एका टीममध्ये मावत नाहीत. २०२४ च्या टूरमध्ये तीन टप्पे आणि टप्प्यांच्या गुणांसाठीची हिरवी जर्सी जिंकणाऱ्या इरिट्रियाच्या बिनियाम गिर्मायचा इंटरमार्शेशी करार २०२८ पर्यंत होता. त्याला एनएसएन टीमने घेतले. बाकीच्यांना हिवाळ्यात दारोदार फिरावे लागले.

पगाराचे गणित सांगून भाच्याच्या पत्राकडे वळतो. पहिल्या श्रेणीत पुरुषांचा किमान पगार वर्षाला ४० हजार युरोंच्या थोडा वर आहे. नवख्यांना त्याहून कमी, पण त्यांच्या पहिल्या करारात किमान दोन वर्षांची हमी असते. स्वतःचा कर आणि विमा स्वतः भरणाऱ्या रायडरला नोकरीतल्याच्या १६४ टक्के रक्कम द्यावी लागते. हे न वाचता सही करणारे मी पाहिले आहेत. स्त्रियांच्या पहिल्या श्रेणीत किमान पगार २०२० मध्ये आला तो १५ हजार युरोंचा, २०२३ मध्ये ३२,१०२ झाला. तिसऱ्या श्रेणीत मात्र यूसीआयने किमान पगार ठरवलेला नाही. काही टीमा पगार देतात, काही फक्त सायकल, कपडे, राहणे आणि प्रवास. भाच्याचे पत्र या श्रेणीतले आहे, किंवा त्याहून खालचे.

वरच्या सगळ्या वर्णनात पैसा एकाच बाजूने येतो: स्पॉन्सरकडून टीमकडे, टीमकडून रायडरकडे. रायडरकडून टीमकडे जातो तेव्हा टीमकडे स्पॉन्सर नाही, किंवा टीमचा धंदा मुलांचे शुल्क हाच आहे. युरोपातही हे घडते. इटलीत २०१५ च्या सुमारास काही रायडर स्वतः स्पॉन्सर आणून, म्हणजे प्रत्यक्षात पैसे मोजून, दुसऱ्या श्रेणीत जागा मिळवतात असे आरोप झाले आणि चौकशी लागली. पैसे देऊन जागा मिळाली तरी मोठ्या शर्यतीसाठी निवड करताना व्यवस्थापक पगारी रायडरकडे आधी बघतो. पैसे भरणाऱ्याला स्थानिक शर्यती आणि भाड्याची खोली मिळते.

तरी ते पत्र फाडू नका, त्यांना तीन गोष्टी लेखी विचारा. टीम यूसीआयकडे कोणत्या श्रेणीत, कोणत्या देशाच्या संघटनेमार्फत नोंदलेली आहे? यूसीआयच्या संकेतस्थळावर दर हंगामाची यादी असते, तिथे नाव नसेल तर तो हौशी क्लब आहे. हौशी क्लब वाईट असतो असे नाही, फ्रान्स-बेल्जियममधले कित्येक चांगले आहेत, पण मग ‘व्यावसायिक करार’ हा शब्द पत्रात नको. दुसरे, अपघात आणि आजारपणाचा विमा कोणाच्या नावे आणि किती रकमेचा? हाड मोडले की युरोपातले रुग्णालय वर्षाची बचत एका आठवड्यात खाते. तिसरे, त्याला कोणत्या शर्यतींत उतरवणार? ‘युरोपियन कॅलेंडर’ असे मोघम उत्तर आले तर समजून जा. उत्तरे नीट आली आणि शुल्क काढून टाकले, तर करार मला पाठवा, मी वाचतो.

भाच्याला मात्र यंदा दुसऱ्या कामाला लावा. भारतीय सायकलिंग महासंघाच्या परवान्याशिवाय बाहेर काही होत नाही, तो आधी काढा. राष्ट्रीय रोड स्पर्धेत वेळेच्या शर्यतीचा, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीचा, आकडा नोंदवा, कारण युरोपातला व्यवस्थापक कुंभार्लीचा चढ ओळखत नाही, पण सपाट ४० किलोमीटरला लागलेला वेळ आणि पॉवर मीटरची (पायांनी लावलेली ताकद मोजणाऱ्या यंत्राची) फाइल वाचतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने यूसीआयची २.२ दर्जाची, म्हणजे खालच्या दर्जाची अनेक टप्प्यांची, शर्यत सह्याद्रीत आली. कोकणातून ती रातोरात बस पकडून गाठता येते. अशा शर्यतीला परदेशी टीमा त्यांचे व्यवस्थापक घेऊन येतात, आणि सकाळी टीमच्या गाड्यांजवळ उभे राहून केलेले बोलणे पन्नास ईमेलना भारी पडते. गिर्माय ज्युनियर वयात एगलच्या यूसीआय केंद्रात शिकला, तिथे अशाच देशांतली मुले घेतात, अर्ज राष्ट्रीय संघटनेमार्फत जातो. घाई असेल तर ऑगस्टच्या आत फाइल तयार ठेवा. सप्टेंबरपर्यंत छोट्या टीमांच्या जागा भरत येतात, आणि ऑक्टोबरनंतर जी पत्रे येतात त्यातली बरीचशी शुल्क मागणारी असतात.